वस्त्रगाळ गाव

चाळिशी उलटल्यावर माणसाने पोथी वाचावी, खेळणी मांडू नयेत, असे आमच्या घरात मानतात. मीही आगगाडी आणली नाही. तिच्यासाठी गाव मात्र बांधले.

हे खूळ पुण्याचे. कोथरूडला भाऊ जोशी ह्यांनी उभे केलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. तेथे शाळेची सहल नेली होती. मुलांच्या माना गाड्यांबरोबर फिरत होत्या. मी रुळांकडेच्या घरांत अडकलो. गाडी काय, कोठेही धावते. ती कोणत्या गावावरून चालली आहे, हे घरे सांगतात. मग आपले हिमायतनगर, म्हणजे जुन्या माणसांचे वाढोणा, टेबलावर का येऊ नये? तेही आताच्या ब्रॉडगेजचे नव्हे, मीटरगेजच्या दिवसांतले!

अशा गावांचे जगभर रूढ असलेले प्रमाण १:८७. त्यात मीटरगेज साडेअकरा मिलिमीटरचे होते. विकतचे रूळ साडेसोळाचे. तेव्हा गाडी धावण्याचा मोह सोडला आणि तारेचे रूळ केले. काडेपेटीची काडी मधोमध मोडली की दोन स्लीपाट बेतशीर होतात, हा शोध माझा. घरे लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची केली. (मुलीकडच्या पत्रिका जास्त जाड निघाल्या.) मागे परमेश्वराच्या मंदिराचे शिखर उभे राहिले.

खरा छळ केला तो रस्त्याने. शेतातली काळी माती डिंकावर भुरभुरली, तर रस्ता कसला, उन्हाळ्यातले नदीचे पात्र दिसू लागले. मग हिशेब केला. एक मिलिमीटरचा खडा ह्या गावात पावणेनऊ सेंटिमीटरचा धोंडा होतो! जुन्या धोतराच्या फडक्यातून माती वस्त्रगाळ केली, ओल्या डिंकात शिवणाचे दोन दोरे ताणून दाबले, तेव्हा कोठे बैलगाडीची चाकोरी उमटली.

अण्णांना दाखवले. ते ह्याच मार्गावर गँगमन होते. त्यांनी चष्मा पुसला, स्लीपाटांवरून नजर फिरवली, रस्त्यावर बोट टेकले आणि विचारले, "माय कुठं बसवलीस?"

मी बसवली नव्हती. आई स्टेशनाबाहेर टोपली घेऊन बसे. हंगामात सीताफळांची, एरवी शेंगांची. मॅट्रिकपर्यंतच्या माझ्या वह्या त्या टोपलीतून आल्या. मी हमाल केला, स्टेशनमास्तर केला. तिच्यापाशी हात थांबला. एवढ्याशा माणसाला चेहरा नसतो. मग ती तीच कशी व्हायची?

रात्री मेणाची केली. बसलेली, डोक्यावर पदर. टोपली ज्वारीच्या दाण्याएवढी. स्टेशनच्या दारासमोर चिकटवली.

सकाळी अण्णा बराच वेळ वाकून पाहत राहिले. "इथं नाही, लेकरा. इथं दुपारी ऊन लागायचं तिला."

त्यांनी खिडकी लोटली, बॅटरी घेतली आणि गावावर तिरपी धरली. पत्र्याची सावली भिंतीलगत पडली. मी सुरीच्या टोकाने तिला सोडवून तेथे नेली.

"अजून थोडी आत सरकव," अण्णा म्हणाले.