बोंबल्याचा विमा

3 जून 2025

मासेमारीची बंदी लागली. बोटी वर ओढून झाल्या, उत्तनच्या भाटेबंदरावर डोलजाळ्यांचे ढीग. शेजारच्या मांजरीने आज आमिषासकट गरी गिळली. तोंडातून तंगूस लोंबत होता आणि पोरं तो ओढायला निघाली होती. भाईंदरचे डॉक्टर फोनवरच ओरडले, "ओढू नका!" ओढलं की गरी आणखी रुतते, आतडं फाटतं. एक्सरे, भूल, ऑपरेशन. मांजर वाचली. बिल ऐकून शेजारीण खाली बसली.

रात्री पुतण्या म्हणाला, "काकी, आपल्या बोंबल्याचा विमा काढ. मांजरांचाही निघतो आता."

5 जून

पुतण्याने कागद आणून दिले. बजाज अलियान्झने 2020 साली कुत्र्यांचा विमा आणला, मांजरांचा नंबर मागून लागला. अमेरिकेतही 1982 साली पहिली पॉलिसी निघाली ती टीव्हीवरच्या लॅसी कुत्र्याची. मांजरं कायम दुसऱ्या पंगतीला.

आजारपणात भरती आणि ऑपरेशनचा खर्च मिळतो. मृत्यू, चोरी, हरवणं यांची कलमं वेगळी. लस आणि नसबंदी आपल्या खर्चाने. आधीपासूनचा आजार चालत नाही, आणि लस न देता लसीने टळणारा रोग झाला तर हात वर. हे शेवटचं मला पटलं.

फॉर्ममध्ये जात विचारली आहे. गावठी. जन्मतारीख? वलांडीखाली जन्मला, बोंबील वाळत होते तेव्हा.

8 जून

पेंटेकॉस्टचा रविवार. मिस्साहून येताना सासूबाईंना सांगितलं. "माणसांचा काढलाय का?" एवढंच विचारलं त्यांनी.

काढलाय तसा. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमाराचा गट अपघात विमा असतो. मृत्यू आला तर 5 लाख, हॉस्पिटलसाठी 25 हजार, हप्ता सरकार भरतं. बोटीचा मात्र आपला आपण काढायचा, म्हणून राहूनच जातो. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आलं तेव्हा रात्रभर सगळे बंदरावर दोर धरून होते. पॉलिसीचं नाव कोणी काढलं नाही.

माहेरी म्हशीचा विमा होता. कानात बिल्ला, डॉक्टरने ठरवलेली किंमत; बिल्ला हरवला की दावा अडला. म्हशीला बाजारभाव असतो. बोंबल्याला बाजारात कोण विचारतो? तेव्हा मृत्यूचं कलम आमच्या कामाचं नाही. प्रश्न उरला तो फक्त दवाखान्याच्या बिलाचा.

14 जून

धो धो पाऊस. हिशोब मांडला. समजा हप्ता वर्षाला 3 हजार, दहा वर्षांचे 30 हजार. गरीचं एखादं ऑपरेशन झालं तर त्यातले बरेच वसूल. बोक्यांची लघवी अडते, तेही वाईट. नळी घालावी लागते, एकदोन दिवस उशीर झाला की जीव जातो. आणि एकदा अडल्यावर पॉलिसी घ्यायला गेलं तर तो जुना आजार. म्हणजे घ्यायचीच तर आत्ताच.

एवढं लिहून थांबले. बिल आधी आपण भरायचं, मग कागद पाठवायचे, मग पैसे. बंदीच्या दोन महिन्यांत रोख आणायची कुठून? शिवाय अशा पावसात रात्री त्याला न्यायचं कसं? परळचं प्राण्यांचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय 1883 पासूनचं, महालक्ष्मीला टाटांचं नवं 2024 चं, पण उत्तनहून आधी भाईंदर गाठायचं, मग गाडी. त्या वेळेला हातात लागते ती रोकड आणि रिक्षा.

भाईंदरला फ्लॅटमध्ये राहून पर्शियन मांजर पाळली असती तर पॉलिसी घेतली असती. हा दिवसभर बंदरावर कुत्र्यांशी पंगा घेणारा.

20 जून

विमा नाही. महिन्याला 500 बाजूला, वर्षाचे 6 हजार, हप्त्याच्या दुप्पट. पोस्टाची आरडी करणार होते, पण ती तीन वर्षांआधी मोडता येत नाही. साधं बचत खातं बरं. पहिल्याच वर्षी मोठं काही झालं तर पैसे पुरणार नाहीत, हे माहीत आहे.

मांजरांची तिहेरी लस आणि रेबीजची लस सोमवारी. नसबंदीची तारीखही घेतली. बोका मग कमी भटकतो, कमी मारामाऱ्या करतो. दारच्या रिक्षावाल्याचा नंबर भिंतीवर लिहिला. आमिष लावलेल्या गऱ्या आता झाकणाच्या डब्यात, असं घरात सांगून ठेवलंय.

पुतण्याला कागद परत केले. तो म्हणतो, "बरं, मग काकाच्या बोटीचे आणू का?"

आण म्हटलं.