सारखे शब्द, वेगळे अर्थ

इंग्रजी बोलण्यातून केव्हाच निघून गेलेले काही शब्द जुळ्या भावंडांसारखे दिसतात : हिदर, दिदर, व्हिदर, हेन्स, देन्स, व्हेन्स. या शाळेच्या वसतिगृहात राहून शिकलेल्या आम्हां पुष्कळ मुलांच्या घरी इंग्रजी कागद वाचणारे कोणी नव्हते. सरांनी फळ्यावर पहिल्या तीन शब्दांसमोर इकडे, तिकडे, कुणीकडे असे लिहिले. पुढच्या तिघांसमोर इथून, तिथून, कुठून. आणि त्यांच्याखाली पालीतले इतो, ततो, कुतो. इंग्रजीत प्रश्नाच्या शब्दांना 'व्ह', तर पाली-मराठीत 'क'. दर्शक शब्दांना तिकडे 'द', इकडे 'त'. याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये अशा ध्वनिबदलांचे नियम मांडले होते. परकी वाटणारी भाषा दूरच्या नात्यातली निघाली, आणि तिची भीती निम्मी झाली.

व्हेअरफोर हा शब्द मात्र फसवा. त्यात 'कुठे' दिसते. अर्थ 'का' असा आहे. शेक्सपिअरची ज्युलिएट सज्जातून रोमिओला शोधत नाही. तू रोमिओच का असावास, वैऱ्याच्या घराण्याचे नाव तुला का चिकटावे, असे ती विचारते. आपले आडनाव ऐकताच समोरच्याचा चेहरा बदलताना ज्यांनी पाहिला होता, त्या मुलांना हा प्रश्न समजावून सांगावा लागला नाही. 'कुठे' म्हटले तर ती केवळ विरहिणी उरते. 'का' म्हटले की ती जन्माच्या आधारे उभ्या केलेल्या भिंतीला जाब विचारते.

'लेट'चेही तसेच. जुन्या इंग्रजीत दोन निराळी क्रियापदे होती : एकाचा अर्थ होऊ देणे, दुसऱ्याचा अडवणे. कालांतराने दोहोंचे रूप एक झाले. अडवण्याचा अर्थ आता मुख्यतः कायद्याच्या भाषेत उरला आहे, आणि आपल्या पासपोर्टात. मुलीचा पासपोर्ट आला तेव्हा राष्ट्रपतींच्या नावाने त्यात केलेली विनंती मी आईला मराठीत सांगितली : हिला कोठेही अडथळा न आणता मोकळेपणी जाऊ द्यावे. गावच्या पाणवठ्याची वाट आईला लहानपणी मोकळी नव्हती. तिने ते वाक्य पुन्हा सांगायला लावले.

शाळेतील आजच्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते : शब्द ओळखीचा दिसला तरी त्याचा अर्थ विचारून घ्या. आपला हक्क पुष्कळदा अशाच एखाद्या शब्दात लिहिलेला असतो.