सुगंध सोसवत नाही तेव्हा



गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीतल्या विहारात रोज रात्री बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चाले. विहार म्हणजे एकच खोली. पावसामुळे खिडक्या बंद. त्या दिवशी कुणीतरी श्रद्धेने सुगंधी मेणबत्त्या आणल्या होत्या, अगरबत्तीचा पुडा तर होताच. त्रिशरण झाले, पंचशील सुरू झाले आणि माझ्या छातीत शिट्टी वाजू लागली. तोंडाला पदर लावून मी बाहेर आले, पायरीवर बसून पंप ओढला. आतून एक बाई म्हणाल्या, “हिला वंदनेचं वावडं दिसतंय!”

दम्यापेक्षा ते वाक्य जास्त लागले. माझ्या आजोबांनी १९५६ साली नागपूरला जाऊन धम्मदीक्षा घेतली. त्यांच्या नातीला हे ऐकावे लागावे!

वावडे आहे ते वासाचे. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका मुळात हुळहुळ्या असतात. अगरबत्तीच्या धुरातले बारीक कण, मेणबत्तीत घातलेले कृत्रिम वास, टॅक्सीत नि ऑफिसात मारतात ते सुगंधी फवारे, यांनी त्या सुजतात, आक्रसतात. वास चांगला की वाईट, हे फुप्फुसाला कळत नाही. पंपाची सवय लागते म्हणून पुष्कळजणी तो लपवून ठेवतात. तसे काही नसते. औषध थेट फुप्फुसात जाते, म्हणून थोडेच पुरते. पण पंप आहे म्हणून धुरात बसणे हाही शहाणपणा नव्हे.

घरी मी रडले. सासूबाई इतकी वर्षे तथागत आणि बाबासाहेबांच्या फोटोपुढे रोज अगरबत्ती लावत आल्या होत्या. त्यांनी पुडा उचलून शेजारी देऊन टाकला. म्हणाल्या, “तुझा श्वास कोंडून कसली गं वंदना?”

पुढच्या रविवारी त्याच माझ्यासोबत विहारात आल्या आणि सर्वांसमोर बोलल्या. एकाने विचारले, “बुद्धपूजेत धूप आहेच ना?” तेव्हा वाचन करणाऱ्या गुरुजींनी धम्मपदातल्या पुष्पवग्गाची आठवण दिली. फुलांचा सुवास वाऱ्याविरुद्ध जात नाही, शीलवंताचा मात्र जातो. “तो सुगंध दरवळू द्या,” ते म्हणाले.

आता आमच्याकडे वंदनेला फुले आणि एक साधी मेणबत्ती असते. खिडकी उघडी असते. ‘त्या’ बाई माझ्याशी अजून मोजकेच बोलतात, पण खिडकी उघडायला त्याच उठतात.

बुद्धपौर्णिमा असो वा ६ डिसेंबर, काडी ओढण्यापूर्वी एकदा मागे वळून पाहा. एखादे लेकरू, एखादी म्हातारी खोकत पायरीवर तर बसली नाही ना? तिला आत बोलवा.

जयभीम!