गव्हाच्या तीन पेंढ्या

बोस्टनहून चार्ल्स नदी ओलांडून केंब्रिजला जायला भुयारी रेल्वेने पाव तास पुरतो. हार्वर्ड चौकात जिना चढून वर आलो तेव्हा ऑक्टोबरचे कोवळे ऊन पडले होते आणि मेपलची झाडे आपल्याकडच्या फाल्गुनातल्या पळसासारखी पेटली होती. भाची मला न्यायला आली होती. ती इथल्या लॉ स्कूलमध्ये एलएल.एम. करीत होती.

"मामा, आधी कॉफी घ्यायची की आधी आमचं कॉलेज बघायचं?" तिने विचारले.

मी जिल्हा कोर्टात पस्तीस वर्षे वकिली केलेला माणूस. वारकऱ्याला पंढरपुरात उतरल्यावर कोणी असे विचारते का? मी म्हटले, "चल, आधी दर्शन."

हार्वर्ड विद्यापीठाची स्थापना १६३६ सालची, म्हणजे शिवाजी महाराज सहा वर्षांचे होते तेव्हाची. लॉ स्कूल मात्र १८१७ चे. आपल्याकडे पेशवाई अखेरचे श्वास घेत होती, त्याच साली इथे कायद्याचा वर्ग भरू लागला. तेव्हापासून खंड न पडता चालू असलेली कायद्याची शाळा अमेरिकेत याहून जुनी नाही.

विद्यापीठाचे जुने आवार उत्तरेकडून ओलांडले की लॉ स्कूलच्या इमारती लागतात. पहिली नजरेत भरते ती ऑस्टिन हॉल. रिचर्डसन नावाच्या नामांकित वास्तुशिल्पज्ञाने ती १८८४ च्या सुमारास पुरी केली. तांबूस-पिवळा दगड, बुटके जाड खांब, त्यांवर रुंद कमानी. वरच्या मजल्यावर अभिरूप न्यायालयाचे दालन आहे. विद्यार्थ्यांच्या वादविवादाची अंतिम फेरी इथे होते आणि ती ऐकायला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती येऊन बसतात. पलीकडे उंच खांबांची लांबलचक लँगडेल हॉल, आणि तिच्यात कायद्याचे ते अवाढव्य ग्रंथालय. टेबलांवर हिरवट उजेड, आणि शेकडो माना पुस्तकांत वा संगणकांत खुपसलेल्या. वाचन चालू असताना माणसे कशी सारखीच दिसतात! काळी, गोरी, पिवळी, सावळी, सगळ्यांच्या कपाळावर तीच एक आठी.

"बर्फ पडलं की आम्ही उंदीर होतो," भाची म्हणाली. इमारती जमिनीखालच्या बोगद्यांनी जोडलेल्या आहेत. हिवाळ्यात खोलीतून वर्गात आणि वर्गातून ग्रंथालयात, आभाळ न बघता जाता येते. वसतिगृहे सपाट छपरांची, अगदी साधी. ग्रोपियस या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ती १९५० च्या सुमारास बांधली. भाचीच्या खोलीत पलंग, टेबल आणि तिच्या आईने पाठवलेला मेतकुटाचा डबा मावला, की पाहुण्याने दारातच उभे राहायचे!

तिने परवानगी काढून ठेवली होती म्हणून मला पहिल्या वर्षाच्या एका वर्गात मागे बसायला मिळाले. वर्ग घोड्याच्या नालासारखा, पायऱ्यापायऱ्यांचा. मुले पंचाहत्तर-ऐंशी, प्रत्येकापुढे नावाची पाटी. प्राध्यापक आले आणि व्याख्यानाला सुरुवात करण्याऐवजी त्यांनी एका मुलाचे नाव घेतले. विषय होता १८५४ चा एक इंग्रजी निवाडा. गिरणीचा दांडा मोडतो, तो नव्या दांड्याचा नमुना म्हणून पाठवायला हुंडेकऱ्याकडे देतात, हुंडेकरी उशीर करतो, गिरणी बंद पडते. बुडालेला नफा त्याने भरून द्यायचा काय? मी खुर्चीत सावरून बसलो. आपल्या करार कायद्याच्या ७३ व्या कलमाचे मूळ हेच!

मुलाने उत्तर दिले, नाही. "का नाही?" गिरणीजवळ दुसरा दांडा नाही हे हुंडेकऱ्याला ठाऊक असल्याचे गृहीत धरता येत नाही म्हणून. "आणि कोणी त्याला सांगितलं असतं तर?" मुलगा थांबला. "आणि दांड्याऐवजी औषध असतं तर?" मुलगा लाल झाला. मग प्रश्न शेजारच्या मुलीकडे गेला, तिथून मागच्या रांगेत आला. तासभर प्राध्यापकांनी एकही उत्तर दिले नाही. आम्ही कायदा शिकलो तो सकाळच्या वर्गात हजेरी लावून आणि परीक्षेच्या आधी गाइडे घोकून. आम्हाला उत्तरे येत होती. प्रश्न कोणी विचारलेच नव्हते.

ही पद्धत लँगडेल यांची. १८७० ते १८९५ ही पंचवीस वर्षे ते इथे डीन होते. त्यापूर्वी ग्रंथातले नियम वाचून समजावण्याची रीत होती. लँगडेलनी १८७१ साली करारविषयक निवाड्यांचा संग्रह छापला आणि मुलांच्या हाती दिला. त्यातला पहिलाच खटला लिलावाचा. चाळीस पौंडांची बोली केलेल्या माणसाने हातोडा पडण्यापूर्वी बोली मागे घेतली. घेता येते काय? कोर्ट म्हणाले, येते. ते का, हे विद्यार्थ्याने शोधायचे. सुरुवातीला विद्यार्थी वैतागले. अनेकांनी वर्ग सोडला. पुढे तीच रीत अमेरिकेतल्या बहुतेक कायदा-शाळांनी उचलली.

इथून बाहेर पडलेल्यांची यादी देत बसलो तर दिवाळी अंकाची पाने पुरणार नाहीत. आपल्याशी नाते सांगणाऱ्या दोनच गोष्टी सांगतो. आपली घटना तयार होत होती तेव्हा, १९४७ साली, घटनासमितीचे सल्लागार बी. एन. राव अमेरिकेत गेले आणि न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांना भेटले. फ्रँकफर्टर पंचवीस वर्षे याच शाळेत प्राध्यापक होते. न्याय्य प्रक्रियेचा व्यापक शब्दप्रयोग घटनेत घालू नका, न्यायाधीशांच्या हाती फार सत्ता जाईल, असा त्यांचा सल्ला पडला. आपल्या २१ व्या कलमात 'कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती' हे शब्द आले त्यामागे हा सल्लाही होता. पुढे १९७८ साली मनेका गांधी खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने, ती कार्यपद्धती न्याय्य असलीच पाहिजे, असा अर्थ लावला. त्या पीठावर पुण्याच्या लॉ कॉलेजातून निघालेले यशवंतराव चंद्रचूड होते. त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड यांनी एलएल.एम. आणि डॉक्टरेट इथेच, हार्वर्डला केली, आणि २०२२ ते २०२४ या काळात तेही वडिलांप्रमाणे भारताचे सरन्यायाधीश झाले.

प्रश्न विचारायला शिकवणाऱ्या या शाळेने स्वतःला मात्र काही प्रश्न फार उशिरा विचारले. जॉर्ज रफिन हा काळा विद्यार्थी १८६९ साली इथून पदवीधर झाला. पण स्त्रियांसाठी दार उघडले ते १९५० साली! मुंबई-पुण्याच्या मुली त्याच्या कितीतरी आधी वकील होऊ लागल्या होत्या. १९५६ साली रूथ बेडर गिन्सबर्ग आल्या तेव्हा सुमारे पाचशे मुलांत मुली नऊ. त्या नऊजणींना डीननी जेवायला बोलावले आणि विचारले, 'एखाद्या पुरुषाची जागा तुम्ही का अडवली आहे?' त्यांतलीच ही एक १९९३ साली सर्वोच्च न्यायालयात जाऊन बसली. २००३ साली डीनच्याच खुर्चीवर एलेना केगन ही स्त्री आली. आज वर्गात निम्म्याच्या आसपास मुली दिसतात.

संध्याकाळ होत आली होती. भाची म्हणाली, "मामा, एक दगड दाखवायचा राहिला."

त्या दगडाची कथा सांगायची तर मागे जायला हवे. अँटिगा बेटावर रॉयल नावाच्या कुटुंबाचा उसाचा मळा होता. मळ्यावर गुलाम राबत, आणि गुलामांची खरेदी-विक्रीही चाले. १७३६ साली बंडाच्या संशयावरून त्या बेटावर ८० हून अधिक गुलामांना ठार केले गेले, बहुतेकांना जिवंत जाळून. पुढच्याच वर्षी रॉयल कुटुंब केंब्रिजजवळच्या मेडफर्ड गावी येऊन राहिले. सोबत पैसा आणला, गुलामही आणले. मुलगा आयझॅक रॉयल १७८१ साली इंग्लंडात वारला. मृत्युपत्रात त्याने हार्वर्डला जमीन दिली होती. त्या पैशातून १८१५ साली कायद्याचे पहिले अध्यासन निघाले, आणि दोन वर्षांनी ही शाळा.

त्याच रॉयलच्या घरात बेलिंडा नावाची बाई होती. आफ्रिकेतून लहानपणी पळवून आणलेली. जवळजवळ पन्नास वर्षे तिने त्या घरात चाकरी केली होती. धनी पळून गेला, तिला स्वातंत्र्य मिळाले, पण खायला काही नव्हते; पदरी आजारी मुलगी. १७८३ साली सत्तरीच्या बेलिंडाने मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. ज्या घराची संपत्ती माझ्या कष्टांनी वाढली, त्या संपत्तीतला थोडा भाग मला द्या, एवढेच तिचे मागणे. तिला लिहिता येत नव्हते. अर्जाखाली तिने फुली केली. विधिमंडळाने रॉयलच्या मालमत्तेतून तिला वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. पण पुढे पैसे येणे थांबले. ती पुन्हा पुन्हा अर्ज करीत राहिली.

धन्याच्या मालमत्तेतून मोलकरणीला पंधरा पौंड मिळण्याची मारामार, आणि त्याच मालमत्तेतून कायद्याचे अध्यासन!

१९३० नंतरच्या दशकात शाळेने आपले मानचिन्ह घेतले ते रॉयल घराण्याचे: निळ्या रंगावर गव्हाच्या तीन पेंढ्या. ते दारांवर, वह्यांवर, टोप्यांवर दिसू लागले. कोणाला काही खटकले नाही. केगन बाईंनी डीन झाल्यावर रॉयल अध्यासन न घेता चार्ल्स ह्यूस्टन या काळ्या कायदेपंडिताच्या नावाचे अध्यासन घेतले, तेवढेच. मग २०१५ च्या शरदात काही विद्यार्थी एकत्र आले आणि वर्गात विचारतात तसाच प्रश्न त्यांनी शाळेलाच विचारला: या पेंढ्या कोणी बांधल्या? समिती बसली, वाद झाले. मानचिन्ह काढले तर इतिहास पुसला जाईल, असे म्हणणारेही सद्भावनेचेच होते. मार्च २०१६ मध्ये विद्यापीठाने ते मानचिन्ह उतरवले. २०२१ साली नवे आले. त्यावर 'कायदा आणि न्याय' असे लॅटिन शब्द आहेत. आता आवारातल्या एका चौकाला बेलिंडाचे नाव आहे.

दगड साधाच आहे. त्यावर २०१७ साली बसवलेला पत्रा. ज्या गुलामांच्या श्रमांतून या शाळेची स्थापना शक्य झाली त्यांच्या स्मरणार्थ, अशा आशयाचा मजकूर. नाव एकाचेही नाही, कारण सगळ्यांची नावे कोणी लिहूनच ठेवली नाहीत. मुले घाईने शेजारून जात होती, कोणी सँडविच खात, कोणी उद्याचा निवाडा पुटपुटत.

"मामा, एवढे गप्प का झालात?"

काय सांगणार? माझ्या डोळ्यांपुढे आमच्या कोर्टाचा व्हरांडा उभा राहिला होता. लुगड्याच्या पदराने शाई पुसणाऱ्या म्हाताऱ्या, आणि त्यांच्या अर्जांखाली माझ्याच कारकुनाने लिहिलेले शब्द: 'निशाणी डावा अंगठा'. पोटगीचे, जमिनीच्या हिश्शाचे असे किती अर्ज मी केले, किती हुकूम मिळवले. हुकूम झाला की फाइल बांधून ठेवायची आणि पुढची सोडायची. पैसे पुढे त्यांच्या हातात पडले का, हे मी कधी विचारले होते?

"काही नाही," मी म्हटले. "तुझ्या प्राध्यापकांनी मला एक प्रश्न विचारलाय. उत्तर शोधतोय."

ती हसली. तिला वाटले मी गिरणीच्या दांड्याबद्दल बोलतो आहे. मग आम्ही कॉफी प्यायला गेलो.