दयाळ

१९८६ च्या नोव्हेंबरात आई कायमची म्हणून दिल्लीस आली. चिपळूणजवळचे घर त्याच वर्षी मी विकले होते. वडिलांच्या मागे तिने तिथे एकटीने राहणे मला धोक्याचे वाटत होते. निदान तेव्हा मी कारण तेच सांगत असे. हिंदी तिला येत नव्हते. चित्तरंजन पार्कातल्या आमच्या बिऱ्हाडी पहिला हिवाळा तिने खिडकीपाशी शाल लपेटून, जवळजवळ अबोल काढला.

मार्चच्या आरंभी एके पहाटे तिने मला हाक मारून उठविले. "अरे, ऐक. हा तर दयाळ!"

समोरच्या गच्चीवरील अँटेनावर बसून तो गात होता. पक्षी साधारण बुलबुलाएवढा. नराचे डोके, छाती आणि पाठ तकतकीत निळसर काळी, पोट पांढरेशुभ्र, पंखावर लांबट पांढरा पट्टा आणि शेपटी वारंवार उभारण्याची खोड. मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखी रंग. हिवाळाभर तो तिथेच असणार. परंतु कुंपणाच्या कडेने किडे टिपीत हिंडणाऱ्या मुक्या पक्ष्याकडे कोण पाहतो? विणीचा काळ सुमारे मार्च ते जुलै. तेव्हा नर उंच जागा धरतो आणि झुंजूमुंजू होण्यापूर्वीच गाऊ लागतो. त्याची शीळ एका चालीवर स्थिरावत नाही. चढते, मध्येच तुटते, निराळ्या वळणाने परतते, आणि इतर पक्ष्यांच्या नकलाही तीत बेमालूम मिसळतात.

खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बंगाली बाई फाळणीनंतर बारिसालहून आलेल्या. त्या सकाळी दोघी फाटकापाशी उभ्या होत्या. आईने वर बोट दाखवून म्हटले, "दयाळ." बाई हसून म्हणाल्या, "दोयेल." चार महिन्यांत आईचे घराबाहेरचे हे पहिले संभाषण.

हिंदीत तो दहियर, गुजरातीत दैयड. या देशी नावाने युरोपीय पंडितांना मात्र चांगलेच चकविले. अठराव्या शतकात अल्बिनने त्याला 'डायल-बर्ड' म्हटले. डायल म्हणजे तबकडी, असे समजून फ्रेंच पक्षिविद लव्हेयांने त्याला थेट सूर्यघटिकेचे नाव बहाल केले! लिनिअसने १७५८ मध्ये योजलेले 'सॉलॅरिस' हेही सूर्यावरूनच आले असावे, असे जेर्डनला वाटले. ब्लाइथने ते खोडून काढले. मद्रासचे शल्यवैद्य बल्कली यांनी हा पक्षी इंग्लंडला धाडताना त्याचे नाव 'सौलरी' असे कळविले होते, आणि ब्लाइथच्या मते त्याचा अर्थ शंभर गाणी. ही व्युत्पत्ती टिको न टिको, फाटकापाशी उभ्या असलेल्या त्या दोघींना कोश उघडावा लागला नाही.

"पण हा इथवर आला कसा?" आईने मला विचारले.

तो आलेला नाही, इथलाच आहे, असे मी सांगितले. दयाळ स्थलांतर करीत नाही. राजस्थानचे कोरडे वाळवंट वगळता तो जवळजवळ सगळ्या भारतात आहे. पूर्वेकडे बांगलादेशाचा तो राष्ट्रीय पक्षी, आणि पुढे ब्रह्मदेश, दक्षिण चीन, इंडोनेशियापर्यंत त्याची वस्ती. सिंगापूर आणि जावा येथे मात्र पिंजऱ्यासाठी पकडून पकडून माणसांनी त्याला विरळ केले. गोड गळ्याची ही शिक्षा.

आईने हे सारे ऐकून घेतले. मग म्हणाली, "आपल्या न्हाणीमागच्या भिंतीतल्या भोकात दर साली वीण होई. यंदाही असेल, नाही?"

दयाळ ढोलीत किंवा भिंतीच्या भगदाडात घरटे करतो. ते भोक वडिलांनी कधी बुजवू दिले नव्हते. परंतु घर घेणाऱ्यांनी भिंतींना सिमेंटचा गिलावा केल्याचे पत्र जानेवारीतच आले होते.

"असेल की," मी म्हणालो.

पत्र मराठीत होते आणि चार दिवस माझ्या टेबलावर उघडे पडले होते. आईला वाचता उत्तम येई. ती काही बोलली नाही. खिडकीची दुसरी झडप उघडून पुन्हा ऐकू लागली.