लघुग्रह आणि एक अक्षर

आमच्या भरवेलीत घरी मराठी आणि शाळेत हिंदी. त्यामुळे एकाच वस्तूला दोन नावे असणे मुलांना नवे नाही. पण मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यात फिरणाऱ्या खडकांना हिंदी पुस्तक 'क्षुद्रग्रह' म्हणते, तेव्हा मला आपला 'लघुग्रह' बरा वाटतो. लहान असणे हा काही हलकेपणा नव्हे.

१७ एप्रिल १८६१ रोजी मद्रासच्या वेधशाळेतून नॉर्मन पॉगसन यांनी सदुसष्टावा लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच, म्हणून नाव ठेवले 'एशिया'. ग्रीक पुराणात त्या नावाची एक देवताही आहे. देवींची नावे देण्याची तेव्हाची रीतही साधली. त्याच वर्षी नागपूर आणि सागर-नर्मदेचा मुलूख जोडून मध्यप्रांत झाला. खाली आमचा पत्ता बदलत होता आणि वर एका खडकाला पत्ता मिळत होता!

पुढे १७ फेब्रुवारी १९८८ रोजी तामिळनाडूतील कावलूर येथे आर. राजमोहन यांना ४५ सेंटिमीटरच्या श्मिट दुर्बिणीतून एक लघुग्रह सापडला. तारे जागच्या जागी आणि एक ठिपका मात्र सरकलेला, एवढीच त्याची ओळख. त्याचे नाव '४१३० रामानुजन'.

हे बारसे सोपे नसते. आधी वर्ष आणि अक्षरांची तात्पुरती खूण. कक्षा पक्की झाली की क्रमांक. मग शोधणाऱ्याला नाव सुचवण्यासाठी दहा वर्षे मिळतात आणि आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती ते तपासते. राजकारणी किंवा सेनानी असेल, तर मृत्यूनंतर शंभर वर्षे थांबावे लागते. (आपल्या चौकांना हा नियम लावला तर किती पाट्या उतरतील?)

आणि आमच्याकडे? दाखिल-खारिज रजिस्टरात 'काळे'चे 'काले' व्हायला एक मिनिट लागत नाही. हिंदीच्या लेखी 'ळ' नाहीच. एकदा नववीच्या नामांकनात नाव गेले की तेच गुणपत्रिकेवर, तेच जन्मभर.

यंदा अशाच एका मुलीच्या वडिलांना मी बोलावले. खाणीतली पाळी संपवून ते तसेच आले. अर्ज पाहून म्हणाले, "राहू द्या गुरुजी. जातीच्या दाखल्यावर 'काले'च हाय. एका अक्षरापायी पोरीचा वजिफा अडकन."

त्यांचे खोटे नव्हते. मुलगी मात्र बाहेर वहीच्या पुठ्ठ्यावर 'काळे' लिहीत उभी होती. अर्ज अजून माझ्या टेबलावर आहे. मुदत शनिवारपर्यंत.