बुवांचा आवाज आणि घरचा ॲम्प्लिफायर

ॲम्प्लिफायर ही काही जादूची पेटी नव्हे. दारे धरणारे पोर फावडेभर माती काढते आणि पाटाचे सारे पाणी वाफ्यात वळते. जोर पोराचा नसतो, पाण्याचा असतो. इथेही तसेच. माइकमधून येणारी वीज अगदी नाममात्र; ती फक्त दार उघडते-मिटते. स्पीकर हलवणारा जोर ट्रान्सफॉर्मरकडून येतो.

आमच्या भजनी मंडळातल्या बुवांनी पंचाहत्तरी ओलांडली. पखवाज आणि वीसएक टाळांपुढे त्यांचा आवाज मागच्या ओळीपर्यंत पोहोचेना. "आता पोरांना गाऊ द्या," म्हणून ते भिंतीकडेला बसू लागले. भाड्याचे भोंगे आणले, तर त्यांच्या कर्कशपणात अभंगाचे शब्दच हरवत. तेव्हा मी आणि माझ्या पुतणीने पुण्याच्या पासोड्या विठोबाजवळच्या बाजारातून 'टीडीए २०३० ए' या आयसीचा संच आणला आणि घरीच जोडला.

तुम्हीही जोडाल, म्हणून चार गोष्टी सांगतो. ट्रान्सफॉर्मर १२-०-१२ व्होल्टचा घेतला, तर गाळून निघणारी वीज दोन्ही बाजूंना सुमारे १७ व्होल्ट भरते. म्हणून कंडेन्सर २५ व्होल्टचेच घ्यावेत आणि अधिक-उणे पाहूनच बसवावेत; उलटा बसलेला कंडेन्सर फुगून फुटतो. आयसी तापते, तिला ॲल्युमिनियमचा हीटसिंक हवाच. पण तिची पाठ आतून उणे टोकाला जोडलेली असते, म्हणून मध्ये अभ्रकाचा तुकडा घालावा आणि स्क्रूलाही प्लॅस्टिकची टोपी द्यावी. माइकचा आवाज फार बारीक, त्यासाठी प्रीॲम्प्लिफायरची वेगळी पट्टी लागते.

सर्वांत महत्त्वाचे ते पुढेच. ट्रान्सफॉर्मरच्या एका अंगाला २३० व्होल्ट असतात. तिथे चुकीला माफी नाही. पुतणी उत्साहाने प्लग लावायला निघाली, तेव्हा तिला थांबवून आधी फेजच्या तारेत ६० वॅटचा तारेचा जुना बल्ब सीरिजमध्ये घेतला. एलईडी इथे चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तर जोडणी ठीक समजावी. भगभगीत पेटून राहिला, तर कुठेतरी शॉर्ट आहे. प्लग काढून शोधावे. आमचा बल्ब मंद झाला, तेव्हा पोरीने रोखलेला श्वास सोडला. फ्यूज घालावा, लोखंडी पेटीला अर्थिंग द्यावे आणि प्लग काढल्यावाचून आत हात घालू नये.

स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवला की शिट्टी वाजत नाही. दहा-बारा वॅट देवळाला पुष्कळ होतात. एकादशीला बुवा मधोमध बसले आणि ओसरीवरच्या बायकांपर्यंत शब्द न् शब्द गेला.

भाड्याची वस्तू बिघडली की माणूस शोधावा लागतो. ही बिघडली, तर पुतणी उघडून पाहते. घरात आलेली ही विद्या पेटीहून मोलाची आहे. मुलांच्या हाती संच जरूर द्या. पहिल्यांदा वीज सोडताना मात्र जाणत्याला शेजारी बसवा.